तोच भाग, तोच बिघाड

सायकलचे चाक बसले, तर तुम्ही काय करता? पंक्चरवाल्याकडे जाता. तो ट्यूब बाहेर काढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहतो, तेवढी जागा घासतो, ठिगळ चिकटवतो आणि पैसे घेतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना चाक पुन्हा बसते. पुन्हा ठिगळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी एखादा मुरलेला मिस्त्री भेटला, तर तो आधी ट्यूबकडे पाहतही नाही. टायरच्या आतल्या बाजूवरून तो हलकेच बोट फिरवतो आणि बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक चिमटीत धरून बाहेर काढतो.

ठिगळात काही खोट नव्हती, आणि ट्यूबही वाईट नव्हती. चूक एवढीच झाली होती की, बिघाड जेथे दिसला तेथेच त्याचे कारण आहे, असे धरले गेले. सायकलच्या बाबतीत ही चूक दोन-चार दिवसांत उघडकीस येते. मोटारगाडीच्या बाबतीत ती उघडकीस यायला एकदा दहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या हकिकतीकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी यंत्रांचे भाग केव्हा आणि का निकामी होतात, हे थोडे समजून घेऊ.

एकाच प्रकारचे हजार भाग घेतले आणि दर महिन्याला त्यांतील किती बिघडतात याचा आलेख काढला, तर बऱ्याचदा एक ओळखीचा आकार दिसतो. सुरुवातीला बिघाड जास्त असतात, कारण ओतकामातला एखादा पोकळ बुडबुडा, नीट न झालेला डाग, चुकीचा आवळलेला नट हे दोष वापर सुरू होताच बाहेर पडतात. मग बिघाड कमी होतात आणि पुष्कळ काळ तसेच कमी राहतात. अखेरीस झीज, गंज आणि धातूची थकवण यांमुळे ते पुन्हा वाढू लागतात. दोन्ही कडा उंच आणि मध्ये सपाट तळ, असा हा आलेख आंघोळीच्या टबासारखा दिसतो, म्हणून अभियंते त्याला ‘बाथटब वक्र’ म्हणतात. नव्या गाडीबरोबर मिळणारी वॉरंटी, म्हणजे ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत दुरुस्तीचा खर्च कंपनीने सोसण्याची हमी, ही मुख्यतः या टबाच्या डाव्या कडेसाठी असते. तेव्हा नव्या गाडीचा एखादा भाग लवकर गेला, तर तेवढ्यावरून गाडीच वाईट आहे असे ठरवण्याचे कारण नाही. भाग बदलून मिळतो आणि गाडी पुढे वर्षानुवर्षे चालते.

पण बदललेला भागही गेला तर? आणि त्यानंतरचाही गेला तर?

येथे थोडे गणित करू. समजा, एखादा भाग पहिल्या वर्षातच बिघडण्याची संभाव्यता शंभरात एक आहे. मग असे तीन भाग पाठोपाठ पहिल्या वर्षातच बिघडण्याची संभाव्यता किती? एक शतांश गुणिले एक शतांश गुणिले एक शतांश, म्हणजे दहा लाखांत एक. एवढे दुर्दैव कोणाच्या वाट्याला येतच नाही असे नाही. परंतु हा गुणाकार करताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरली. ती म्हणजे, हे तीन बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. नाणे तीनदा उडवावे तसे. उत्तर इतके अविश्वसनीय आले, तर नशिबाला दोष देण्याआधी त्या गृहीतकाकडे पाहावे. तिन्ही बिघाडांमागे एकच काटा दडलेला असणे कितीतरी अधिक शक्य असते.

हा काटा कधी शेजारच्या भागात असतो. गाडीचा पुढचा दिवा वारंवार जात असेल, तर दिवा बनवणाऱ्याला नावे ठेवण्याआधी विजेचा दाब मोजावा. तंतूच्या दिव्याचे आयुष्य दाबाच्या बाबतीत फार नाजूक असते. दाब शेकडा ५ ने वाढला, तरी ते जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे दोष जनित्राच्या नियंत्रकात आणि बदलला जातो दिवा! बेअरिंग पुन्हा पुन्हा खराब होत असेल, तर त्यातून जाणारा दंड वाकडा आहे का ते तपासावे लागते. कधी काटा वापरण्याच्या पद्धतीत असतो. आणि कधी तो भागाच्या रचनेतच असतो. मग तोच भाग नवा कोरा बसवला, तरी त्याबरोबर तोच दोषही नवा कोरा बसतो.

अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीच्या गाड्यांत या शेवटच्या प्रकारचा दोष होता. तो होता किल्ली फिरवून गाडी सुरू करण्याच्या स्विचमध्ये.

हा स्विच आतून कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरची कळ फिरवताना ती ‘कट्’ आवाज करून एकेका आकड्यावर थांबते, हे तुम्ही पाहिलेच असेल. मधल्या जागी ती ठरत नाही. किल्लीच्या स्विचमध्येही फिरणाऱ्या भागाला खाचा असतात आणि स्प्रिंगने मागून रेटलेला एक छोटा दट्ट्या त्या खाचांत बसतो. ‘बंद’, ‘फक्त उपकरणे चालू’, ‘इंजिन चालू’ अशा जागा त्यामुळे पक्क्या होतात. दट्ट्या खाचेतून बाहेर काढण्याइतका जोर किल्लीवर दिला, तरच ती पुढे किंवा मागे फिरते. स्प्रिंग जेवढी जोरकस, तेवढी किल्ली फिरवायला जड.

फिरवण्याचा हा जोर मोजायचा कसा? बल आणि आसापासूनचे लंबांतर यांचा गुणाकार करून. त्याला बलाचे परिबल म्हणतात. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड लागते आणि कडेला ढकलले तर हलके, हा परिबलाचाच खेळ आहे. जनरल मोटर्सने आपल्या स्विचसाठी २० न्यूटन-सेंटिमीटर परिबल ठरवले होते. त्यात ५ ने कमी-जास्त चालेल, अशी मुभा होती. म्हणजे निदान १५ तरी हवेच. प्रत्यक्षात तयार झालेले स्विच या किमान मर्यादेच्याही खाली होते. तरीही २००२ साली त्यांना मंजुरी देण्यात आली आणि ते सॅटर्न आयन, शेव्हरोले कोबाल्ट इत्यादी लहान गाड्यांत बसवले गेले.

मग काय होत असे? समजा, किल्ल्यांचा जुडगा २०० ग्रॅम वजनाचा आहे. म्हणजे सुमारे २ न्यूटन बल. किल्लीच्या डोक्याला लांबट खाच होती. कडी त्या खाचेच्या टोकाला सरकली आणि आसापासून दीड सेंटिमीटर दूर लोंबू लागली, तर परिबल झाले ३ न्यूटन-सेंटिमीटर. हे काही फार नाही. पण गाडी खड्ड्यात आपटली आणि जुडग्याने तिप्पट जोराने हिसका दिला, तर तेच ९ होते. त्यात चालकाचा गुडघा लागला, तर आणखी वाढते. १५ चा स्विच हे सहज सोसेल. दुबळ्या स्विचचा दट्ट्या मात्र खाचेतून निसटायचा आणि किल्ली ‘इंजिन चालू’वरून आपोआप मागे यायची. (येथे २०० ग्रॅम आणि तिप्पट हिसका हे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, तुमच्या घरच्या जुडग्याचे वजन करून पाहा.)

धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले की स्टिअरिंगला मिळणारी यांत्रिक मदत थांबते, चाक जड लागते, काही वेळाने ब्रेकही जड होतो. पण याहून घातक गोष्ट वेगळीच होती. किल्ली ‘इंजिन चालू’ या जागी नसेल, तर एअरबॅगा फुगत नसत. यामागील विचार चुकीचा नव्हता. उभ्या गाडीत कोणी काही आपटले म्हणून एअरबॅग फुगू नये, हे बरोबरच आहे. परंतु येथे गाडी वेगात होती आणि तिच्या यंत्रणेला वाटत होते की ती उभी आहे. ज्या क्षणी एअरबॅगेची गरज, नेमक्या त्याच क्षणी ती मुकी!

तक्रारी येऊ लागल्या होत्या. आता अशा तक्रारीचे गॅरेजमध्ये काय होते, ते पाहा. मालक सांगतो, “गाडी चालता चालता बंद पडते.” मेकॅनिक किल्ली फिरवतो, गाडी लगेच सुरू होते. तो एक फेरी मारून येतो; काही होत नाही. मग कागदावर लिहिले जाते, ‘बिघाड आढळला नाही’. किंवा ज्या भागामुळे सहसा इंजिन बंद पडते, तो भाग साफ केला किंवा बदलला जातो. यात मेकॅनिक लबाडच असतो असे मुळीच नाही. वॉरंटीच्या कामाचे पैसे विक्रेत्याला कंपनीकडून मिळतात आणि ते बहुधा ठरावीक कामाला ठरावीक वेळ या हिशेबाने मिळतात. भाग बदलण्याचा वेळ कोष्टकात असतो. ‘हे का झाले असावे’ असा विचार करत बसण्याच्या वेळेची तेथे फारशी किंमत नसते. शिवाय प्रत्येक मेकॅनिकपुढे एकच गाडी असते. शंभर गावांतल्या शंभर गाड्या एकाच रीतीने बंद पडत आहेत, हे त्याला कोठून दिसणार? ते दिसू शकते फक्त कंपनीला, जिच्याकडे सगळे कागद येतात.

कंपनीला ते दिसलेही, पण अर्धवट. किल्ली गुडघ्याने फिरते ही गोष्ट तिच्या अभियंत्यांना ठाऊक होती. २००५ मध्ये सुधारणेच्या सूचना पुढे आल्या आणि खर्चाचे व वेळेचे कारण देऊन त्या बाजूला ठेवल्या गेल्या. त्या वर्षाच्या अखेरीस विक्रेत्यांना एक पत्रक गेले. तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाला जुडग्यातील जड वस्तू काढायला सांगा, आणि किल्लीच्या लांबट खाचेत एक बूच बसवून तिचे बारीक भोक करून द्या, असा त्याचा आशय होता. वरचे गणित तुम्हाला कळले असेल, तर या बुचाने परिबल का कमी होते हे सांगायला नकोच. उपाय शास्त्रशुद्ध होता. पण तो मिळाला पाचशेपेक्षाही कमी ग्राहकांना, कारण मागेल त्यालाच द्यायचा होता. स्विच मात्र तसाच राहिला. या सर्व काळात हा प्रश्न ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात टाकलेला होता, ‘सुरक्षितता’ या खात्यात नव्हे. इंजिन बंद पडणे आणि एअरबॅग न फुगणे या दोन गोष्टी कंपनीत वेगवेगळ्या माणसांच्या टेबलांवर होत्या. त्या जोडून कोणी पाहिल्या नाहीत. माझ्या मते साऱ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक ही होय. कपाटातल्या खणावर चुकीची चिठ्ठी लावणे एवढीच ती होती.

आणि मग घडली ती गोष्ट, जी कोणत्याही अभियंत्याने जन्मभर लक्षात ठेवावी. एप्रिल २००६ मध्ये स्विचची रचना बदलण्यास मंजुरी देण्यात आली. दट्ट्या लांब केला, स्प्रिंग अधिक दाबली जाईल अशी बसवली. दोष गेला. पण भागाचा क्रमांक बदलला नाही! जुना दुबळा स्विच आणि नवा चांगला स्विच, दोघांवर एकच क्रमांक. भागाचा क्रमांक म्हणजे त्याचे नाव. रचना बदलली की क्रमांक बदलायचा, हा कारखान्यातला अगदी पहिला धडा. तो मोडल्यामुळे पुढे काय झाले? २००८ नंतरच्या गाड्यांत असे अपघात दिसत नाहीत, हे कंपनीतल्याच तपास करणाऱ्यांच्या लक्षात आले. पण का दिसत नाहीत, याचा उलगडा त्यांना होईना. कारण कागद सांगत होते की स्विच बदललेलाच नाही. चुकीचा कागद कोऱ्या कागदाहून वाईट.

हे कोडे सोडवले बाहेरच्या एका अभियंत्याने. जॉर्जिया राज्यात २०१० साली कोबाल्ट गाडीला झालेल्या एका प्राणघातक अपघाताचा खटला चालू होता. ती गाडी चालताना बंद पडते म्हणून अपघाताच्या थोडे दिवस आधीच विक्रेत्याच्या गॅरेजमध्ये जाऊन आली होती. मृताच्या कुटुंबाच्या बाजूने फ्लोरिडातील या अभियंत्याला स्विच तपासण्यास दिला होता. काही केल्या उलगडा होईना, तेव्हा त्याने साधी गोष्ट केली. विक्रेत्याच्या दुकानातून त्याच क्रमांकाचा नवा स्विच सुमारे ३० डॉलरना विकत आणला आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासले. नवा स्विच फिरवायला जड होता. क्ष-किरणांनी आत पाहिले, तर दट्ट्याची लांबी वेगळी! एका क्रमांकाचे दोन भाग एकसारखे नव्हते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावण्यास सुरुवात केली. या स्विचसाठी एकूण सुमारे २६ लाख गाड्या बोलवाव्या लागल्या. त्यांतल्या एका टप्प्याचे कारण तर आपल्या विषयाला अगदी भिडणारे आहे. जुने स्विच केवळ कारखान्यात बसवले गेले नव्हते. सुमारे ९५ हजार स्विच सुटे भाग म्हणून विक्रेत्यांना व व्यापाऱ्यांना विकले गेले होते. त्यांतले काही, चांगल्या स्विचसह बनलेल्या नंतरच्या गाड्यांतही दुरुस्तीच्या वेळी बसवले गेले असण्याची शक्यता होती. क्रमांक एकच; मग कोणत्या गाडीत कोणता गेला हे शोधणार कसे? म्हणून मार्च २०१४ मध्ये एकट्या अमेरिकेतल्या आणखी ८ लाख २४ हजार गाड्या सरसकट बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड करून ९० कोटी डॉलर भरले. आणि तो सुधारलेला भाग? त्याची किंमत ५७ सेंट असल्याचे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगण्यात आले. एका डॉलरपेक्षाही कमी.

आता तुम्ही विचाराल, यात सामान्य मालकाच्या हाती काय आहे? बरेच आहे. तोच बिघाड पुन्हा पुन्हा होणे ही एक नोंद आहे, आणि नोंद लिहिलेली असेल तरच तिचा उपयोग. अमेरिकेत अशा गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने ‘लिंबू कायदा’ प्रथम केला. तोच दोष ठरावीक वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी ठरावीक दिवसांहून अधिक काळ गॅरेजमध्येच पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी अथवा पैसे परत करावेत, अशी त्याची कल्पना. म्हणजे कायद्यानेही शेवटी मोजणीच केली! आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. वॉरंटीत भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर जबाबदारी तेवढ्यापुरतीच, अख्खी गाडी बदलण्याची नव्हे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या खटल्यात म्हटले आहे. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाने झालेल्या हानीची जबाबदारी स्पष्ट केली आहे, आणि त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. यांपैकी कोठेही जायचे, तर हातात कागद लागतात.

म्हणून घरची गाडी किंवा स्कूटर दुरुस्तीला जाईल, तेव्हा वडीलधाऱ्यांबरोबर तुम्हीही जा. तक्रार जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा. ‘गाडी बंद पडते’ असे नको; ‘चढावर, इंजिन तापल्यावर, तिसऱ्या गियरमध्ये, या महिन्यात तीनदा बंद पडली’ असे हवे. बिघाड दिसत असतानाच मोबाइलवर चित्रण करून ठेवले, तर ‘आढळला नाही’ हा शेरा लिहिणे अवघड जाते. वॉरंटीत बदललेला जुना भाग बहुधा कंपनीकडे परत जातो, तो तुम्हाला मिळणार नाही. पण तो पाहायला मिळू शकतो. कोठे तुटला, कोठे काळा पडला, कोठे झिजला ते पाहा. जुन्या आणि नव्या भागाचे क्रमांक लिहून घ्या. आणि दुसऱ्यांदा तोच भाग बदलला जात असेल, तर नम्रपणे एवढे विचारा, “काका, हा का गेला असेल?” चांगल्या मिस्त्रीला हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे.

एक प्रयोगही करून पाहा. जाड पुठ्ठ्याची मोठी किल्ली कापा, तिचे डोके सुमारे ६ सेंटिमीटर रुंद ठेवा. डोक्याच्या मध्यातून एक टाचणी भिंतीवरच्या फळीत टोचा. हा झाला आस. आता डोक्याच्या खालच्या काठाशी, मध्यापासून एका कडेपर्यंत जाईल अशी आडवी लांबट खाच पाडा. खाचेत दोऱ्याने वजन अडकवून ते प्रथम मध्याखाली आणि मग कडेला ठेवा. किल्ली आडवी सरळ ठेवायला दोन्ही वेळा बोटाने किती जोर लावावा लागतो, ते स्प्रिंगच्या काट्याने मोजा. नंतर वजन तेच ठेवून ते चार बोटे वर उचला आणि सोडून द्या. काटा क्षणभर कोठपर्यंत जातो?